हवेच्या वाटेतली लुंगी

माझा मित्र शशी एक जुनी अमेरिकन गाडी दुरुस्त करतोय. आठ सिलिंडरचं धूड, पण चढ आला की धापा टाकत बंद पडायचं. प्लग बदलले, कार्बोरेटर खोलला, काही उपयोग नाही. वैतागून शशी तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवायला निघाला होता. काल बॉनेटवरच्या, इंजिनला हवा पुरवणाऱ्या झरोक्यात मी हात घातला आणि आतून चक्क लुंगी निघाली!

"मीच कोंबली," शशीचा मेहुणा अभिमानाने म्हणाला. "एवढं भोक उघडं कसं ठेवायचं, दाजी? उंदीर शिरतील!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही जमात घरोघरी असते. खिडकी दिसली की खिळे ठोकणार, पोरगी खळखळून हसली की "हळू" म्हणणार, आणि ती कोमेजली की आपणच विचारणार, "हिला झालंय तरी काय?"

आम्ही तिघं गाडीत बसलो आणि शशीने किल्ली फिरवली. गाडी डरकाळी फोडून निघाली आणि न थांबता घाट चढू लागली. मागच्या सीटवरून मेहुणा म्हणाला, "दाजी, आवाज जरा जास्तच येतोय."

शशीने गाडी कडेला घेतली. बायकोच्या भावाला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "उतर खाली."