राझियामावशीची तिसरी कॉफी

मेव्लुदिन सारायेव्होत उतरला तो परक्यासारखा. चौतीस वर्षं स्वीडनमध्ये बस चालवणारा हा माणूस याच शहरातल्या बिस्त्रिकच्या चढावरच्या गल्लीत जन्मला, वाढला. पण खोली घेतली ती नदीकाठच्या हॉटेलात. काउंटरवरच्या बाईंनी शहराचा नकाशा पुढे केला, तो त्याने निमूट घेतला. ट्राम तशीच खडखडत होती, कबाबांचा धूर तसाच गल्लीभर पसरला होता. ओळखीचा चेहरा दिसला की तो दुकानाच्या काचेकडे वळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत असताना तो आईच्या कबरीवर गेला. तिथे शेजारची राझियामावशी ब्रशने दगड घासत होती. अकरा वर्षांपूर्वी आईचं आजारपण आणि दफन, दोन्ही हिनेच निभावलं होतं. ‘रजा मिळत नाही,’ एवढाच त्याचा फोन आला होता.

“आत्ताच उतरलो, मावशी. सरळ इकडेच आलो,” तो म्हणाला.

मावशीने त्याच्या छत्रीकडे पाहिलं. तिच्यावर हॉटेलचं नाव ठसठशीत छापलेलं होतं.

“हो का? हल्ली विमानात छत्र्याही वाटतात वाटतं!”

त्याचे कान तापले. आपलं माणूस गावात असताना हॉटेलात उतरणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

“चल घरी,” ती म्हणाली.

घरी आधी स्वागताची कॉफी झाली, मग गप्पांची. मावशीने गुडघ्यांची तक्रार केली, मग कोपऱ्यावरच्या फिक्रेतची बातमी दिली.

“सत्तराव्या वर्षी लग्न केलं मेल्याने! सोमवारी नवे दात बसवले, शनिवारी बायको आणली.”

मेव्लुदिन मोकळेपणी हसला. आता तिसरी कॉफी आली की सुटलो, असं त्याला वाटलं. ती निरोपाची. यजमानीण ती समोर ठेवते, पाहुणा ती पिऊन उठतो. बोलावं कोणालाच लागत नाही. पण मावशी जागची हलेना.

“निघू का, मावशी? तिसरी कॉफी...”

“ती पाहुण्यांना असते रे. तू बस.” तिने पदराशी चाळा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “शेवटी शेवटी तुझी आई रोज विचारायची, मेवो निघाला का? मी म्हणायची, त्याचा साहेब खाष्ट आहे. त्या साहेबाला आम्ही दोघींनी काय काय शिव्या घातल्या म्हणून सांगू!”

मेव्लुदिनने कप खाली ठेवला.

“साहेबाने नाही अडवलं, मावशी.”

“मग?”

“मी रजा मागितलीच नव्हती. तिला तशी बघायचा धीर झाला नाही. आणि मग दफनाला कुठल्या तोंडाने येऊ, असं झालं.”

तांब्याचं भांडं उचलून मावशी आत गेली. थोड्या वेळाने कॉफी दळण्याचा आवाज आला.

तिने तिसरा कप त्याच्यासमोर ठेवला. स्वतःसाठी आणला नव्हता. जीभ पोळली तरी तो न थांबता प्यायला, अगदी तळाच्या गाळापर्यंत, आणि उठला. थोरांचा निरोप घेताना करतात तसा तिचा हात हातात घेऊन कपाळाला लावावा म्हणून तो वाकला. पण मावशीने तबक दोन्ही हातांनी धरलं होतं.