रडणाऱ्या बाईचं नाणं

रोमच्या टांकसाळीत मुकापोर घण मारायचा. मूळचा दूरच्या दाकिया देशाच्या डोंगरांतला. पोरवयात लढाईत धरून आणलेला, तेव्हापासून सम्राटाचा गुलाम. माणूस अबोल, पण हात असा बसलेला की घाव कधी तिरका पडला म्हणून नाही.

त्या वर्षी दाकिया रोमच्या हाती पुरता पडला आणि विजयाची चांदीची नाणी निघाली. एका बाजूला सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला ढालींच्या ढिगावर गालाला हात लावून बसलेली दाकियाची बाई. मुकादम एपाफ्रा, तोही एके काळचा गुलामच, मुकापोरला बाजूला घेऊन म्हणाला, "हा माल नीट उतरव. वरच्यांनी शब्द दिलाय, सॅटर्नालियाच्या सणाला तुला मोकळं करतील. नखरे केलेस तर चांदीची खाण आहेच."

मुकापोर घण मारत राहिला. दर घावाला ती बाई नव्याने रडायला बसायची. फार जीव तुटायचा त्याचा. ठशांमध्ये चांदीच्या कोऱ्या चकत्या ठेवणारा झोसिमस वर आणखी चिडवायचा, "काय रे, सासुरवाडीची आहे का कुणी?"

"गप बस, नाहीतर बोट जाईल."

एका दुपारी नाणं बाई कोरलेल्या वरच्या ठशालाच चिकटून राहिलं. असं झालं की पुढच्या चकतीवर दोन्हीकडे सम्राटच उठतो, एकीकडे वर आलेला, एकीकडे खोल गेलेला. बाई येतच नाही. झोसिमस गप्पांत रंगला होता, त्याचं लक्ष नव्हतं. मुकापोरने मात्र पाहिलं. पाहिलं, आणि मारलं. पुन्हा मारलं. बाई नाही! किती बरं वाटलं म्हणून सांगू त्याला!

तेवढ्यात एपाफ्रा आत आला. मुकापोरने घण खाली ठेवला. "मुकादम, ठशाला नाणं चिकटलंय," आपणहून म्हणाला. खराब नाणी मुशीत गेली, ठसा साफ झाला, बाई परत आली. त्याला स्वतःची लाज वाटली. पण सुटायचं होतं ना!

सणाला सुटला. डोक्यावर मोकळ्या माणसाची लोकरीची टोपी चढली. एपाफ्राने पाठ थोपटली. "उद्यापासून रोजावर ये. बाईचा माल अजून ढीगभर पडलाय."

"तो नाही मारणार मी."

"खुळा की काय? खाशील काय?"

"हरभरे खाईन. मुकादम, काल हेच बोललो असतो तर खाणीत धाडलं असतंत ना?"

"धाडलंच असतं."

"मग आज धाडून दाखवा."

एपाफ्रा रागावला नाही. त्याला स्वतःला सुटून इतकी वर्षं झाली होती, पण असं 'नाही' म्हणायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.