मधलं नाव

आमच्या धाकट्या काकीइतकी हट्टी बाई सातारा जिल्ह्यात नव्हती. सांगली जिल्ह्यात एक होती, ती लग्न होऊन विट्याहून आमच्याच घरी काकी म्हणून आली. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत तेव्हा घरोघरी होती, पण काकीनं ती जरा जास्तच मनावर घेतली. काकांचं नाव गुलाबराव. त्यामुळे आमच्या घरात गुलाबाचं ‘तांबडं फूल’ झालं, गुलाबजामचे ‘पाकातले गोळे’ झाले. फलटणच्या कापडदुकानात ‘फिक्कट लाल, पण लाल न्हवं’ असं लुगडं मागून तिनं दुकानदाराला सगळे गठ्ठे सोडायला लावले. शेवटी वैतागून मीच ‘गुलाबी’ म्हणालो. मग घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

खरी पंचाईत तिच्या स्वतःच्या नावाची होती. माहेरची ती मालन सखाराम पवार. लग्नात आडनावाबरोबर मधलं नावही बदललं आणि बाईला आपलंच नाव सांगता येईना. दवाखान्यात नाव विचारलं की ती ‘मालन’ म्हणून थांबे, छताकडे बघे आणि मग एकदम ‘काटकर’ म्हणे. कंपाउंडरनं मधलं विचारलं तर म्हणे, “त्ये तुमी घाला.” त्या बिचाऱ्यानं काय घालावं? काका फौजेतून सुट्टीवर आले की चारचौघांत तिला मुद्दाम पूर्ण नाव विचारत आणि ती स्वयंपाकघरात पळाली की पोट धरून हसत.

एकाहत्तरच्या लढाईत काका बेपत्ता झाले. तार आली तेव्हा घरात रडारड झाली, काकी मात्र रडली नाही. “बेपत्ता म्हंजी कुटंतरी हाईत की,” म्हणाली, आणि रोज ठसठशीत कुंकू लावत राहिली. काही वर्षांनी पत्र आलं. काकांना मयत धरलं होतं. पेन्शन बायकोला मिळणार होती, पण बायको असल्याचा दाखला हवा होता. लग्न अख्ख्या गावासमोर मांडवात लागलेलं, कागद कुणी केलाय? पदरात शाळकरी मुलगी, आणि घरात आमचंच भागता भागत नव्हतं. शेवटी तिचा भाऊ आणि मी साक्षीदार म्हणून तिला एसटीनं साताऱ्याच्या कचेरीत घेऊन गेलो.

साहेब वयस्क होते, माणूस वाईट नव्हता. आमच्या साक्षी झाल्या. मग काकीनं शपथेवर लग्नाआधीचं आणि आताचं, अशी दोन्ही नावं स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. पहिलं तिनं घडाघडा सांगितलं. दुसऱ्याला ‘मालन’ म्हणाली आणि छताकडे बघायला लागली. मला सवयीनं हसू आलं.

साहेब म्हणाले, “बाई, उखाण्यात घ्या हवं तर.”

“उखाणा आपल्या मानसाम्होरं घेत्यात, सायेब. त्ये आल्याव घीन.”

“आक्का, पोरीकडं बघ की जरा,” भाऊ म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. “कारभारी जित्ता असताना त्येचं नाव घेत न्हाईत रं. आता मी घेतलं, तर मीच त्यास्नी मारल्यावानी व्हईल.”

मला वाटलं, तिला तशीच उठवावी आणि घरी न्यावी. पण उठवून नेल्यावर पोरीचं काय, ते मला सांगता येत नव्हतं. साहेबांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदर सारखा केला आणि कुठंही न थांबता म्हणाली, “मालन गुलाबराव काटकर.”

कारकुनानं लिहून घेतलं.

दाखला मिळाला, पेन्शन सुरू झाली, मुलगी शिकली. त्या दिवशी कचेरीतून घरी आल्यावर काकीनं कुंकू पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला कुणी नाव विचारलं की ती सरळ, पूर्ण सांगते. परसातल्या गुलाबालाही गुलाब म्हणते. आम्ही घरातली माणसं मात्र अजून तिच्यासमोर तांबडं फूलच म्हणतो.