टेलला आधी पाणी

परभणीच्या उन्हाळ्यात आपखुशीने गच्चीवर जाऊन बसणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असावा, आणि तो आमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, तेही तळमजल्यावर. आम्ही त्यांना पाटकरीकाका म्हणतो. नोकरीभर ते सोनपेठकडच्या कालव्यावर पाटकरी होते; कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, ते बघायचे. निवृत्त झाले, पण पाणी सोडायची सवय काही सुटली नाही.

आमची गच्ची म्हणजे चार टाक्या आणि लोकांच्या मोडक्या खुर्च्या, एवढाच संसार. काकांनी दोन वर्षांत तिथं तुराट्यांचा मांडव घातला, पाणी न्यायला जुन्या पाइपांच्या चाऱ्या केल्या, चाळीस कुंड्या मांडल्या, माठ ठेवला, एक बाज टाकली. संध्याकाळी तिथं बसलं की खालचा रस्ता आपल्या गावातला वाटतच नाही, इतकं शांत. नियम मात्र कडक. पाणी पाळीनंच, तेही शेवटच्या कुंडीपासून, म्हणजे कालव्याच्या भाषेत टेलपासून. मी एकदा नळाजवळच्या मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातलं, तर म्हणाले, "मास्तर, लोकं असंच करतेत. तोंडाशी बसलेले पिऊन घेतेत अन् टेलवाला कोरडाच. आधी टेल, मग तुमी." मला मोगऱ्याच्या वतीनं माफी मागावी लागली.

आणि त्या बाजेवर कोणी बसायचं नाही. का, ते सांगायचे नाहीत. मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड असल्यामुळे मी थेट काकूंना गाठलं. काकूंचे गुडघे गेलेले. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असतात. हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठीच केलंय की ते समदं. गावाकडं अंगणात बाजेवर बसायची सवय मला. दोन वर्षं खपले, अन् बाज टाकल्यावर ध्यानात आलं, हितं लिफ्ट न्हाई. जन्मभर लोकायला टेल सांगितलं, घरचं टेलच इसरले."

आम्ही काकूंना खुर्चीत बसवून वर न्यायला तयार होतो. त्या म्हणाल्या, "जित्तेपणी चौघांनी उचलायची हौस न्हाई मला." काका महिनाभर गच्चीवर फिरकले नाहीत. फार वाईट वाटायचं त्यांच्याकडे बघून.

मग एक दिवस कठड्याच्या टोकाला, काकूंच्या खिडकीच्या बरोबर वर, त्यांनी मधुमालती लावली. वेल चढवायचा नाही, खाली सोडायचा. तेव्हापासून पहिलं पाणी तिला. ते देण्याआधी रोज संध्याकाळी वरून हाक येते, "आलं का गं टोक?" आणि खालून उत्तर जातं, "न्हाई वो आजून."

यंदा उन्हाळ्यात मी काकूंकडे लिंबं द्यायला गेलो, तर वेलाचं टोक खिडकीच्या गजाशी, दोन फुलांसकट. तेवढ्यात वरून हाक आली. काकू शांतपणे म्हणाल्या, "न्हाई वो आजून." मी वेलाकडे बोट दाखवलं. मग मला हळूच म्हणाल्या, "आलं म्हणलं की हाक मारायचं बंद करतेल."

जाताना मी बाहेरून खिडकी नीट पाहिली. वेलाचं टोक गजाला सुतळीनं बांधलेलं होतं, बाहेरच्या बाजूनं आणि इतकं वर, की काकूंचा हात तिथवर जाणं शक्यच नाही. गाठ मांडवाच्या तुराट्यांना मारलेली तीच, काकांची. काल संध्याकाळीही वरून हाक आली, खालून उत्तर गेलं, आणि मग बाकीच्या कुंड्यांना पाणी सुटलं.