टुरिस्टानं काम करू नये

टुरिस्ट व्हिसा हातात धरून मी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला सांगितलं, की मी तिकडे काम करतो. त्यानं तसं विचारलंही नव्हतं.

आमची मुलगी शारजात असते. जावई तिथं इंजिनिअर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. पण डॉक्टरीणबाईंनी मुलीला सुरुवातीपासूनच विमानच काय, जिनासुद्धा बंद केला. मुलगी माहेरी येऊ शकत नाही तर माहेरच उचलून तिकडे न्यावं, असं बायकोनं ठरवलं. माहेर म्हणजे ती स्वतः, डिंकाच्या लाडवांचे डबे, मऊ लुगड्यांचं एक गाठोडं, आणि हे सगळं उचलायला मी.

माहेराला मात्र व्हिसा लागतो, आणि तोही टुरिस्टाचा. दोन महिने राहायचं, परत यायचं, अमरावतीच्या घराची जळमटं काढायची, नवा व्हिसा काढायचा आणि पुन्हा निघायचं. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत लोक आधी 'कवा आले?' असं विचारत. दुसऱ्या खेपेपासून 'कवा चाल्ले?' असं विचारू लागले. समोरच्यानं आमच्या फाटकापुढे स्वतःची गाडी कायमची लावून टाकली. दूधवाला तर एकदा भांड्यात दूध ओतता ओतता म्हणाला, "काका, तुमी आता या घरी पावने हा ना?"

व्हिसा निघायचा अकोल्यातून. अमरावतीत एजंट नाहीत असं नाही. राजापेठेत ट्यूशन क्लासच्या खालोखाल तेच आहेत. पण अकोला बायकोचं माहेर, आणि तिच्या भावाच्या शाळेतल्या दोस्ताचं तिथं दुकान. मक्केच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळींची तिकिटं-व्हिसे तो करतो आणि त्याच काउंटरवर अत्तर विकतो. त्यामुळे आमच्या पासपोर्टांना कायम हिना अत्तराचा वास. दोस्ताची बहीण ती आपली बहीण, म्हणून मी त्याचाही जावई. तो मला जवाईबुवा म्हणतो, आणि पहिल्याच दिवशी त्यानं मला शिकवून ठेवलं होतं.

"जवाईबुवा, तीन सवाल इचारतीन. कायले चाल्ले, कोनाकडं चाल्ले, कवा वापस. फिरायले, पोरीकडं, हे पाहा तिकीट. बस! चवथी गोष्ट तोंडातून काहाडाची नाई."

"अन् त्यायनं चवथी इचारली तर?"

"तर यायच्यातलीच एक पुन्हा सांगाची."

पहिल्या दोन खेपा अशा निभावल्या. तिसऱ्या खेपेला गाडी घसरली, आणि त्याला माझे वडील थोडे जबाबदार आहेत.

आमच्याकडे बाप मुलीच्या घरचं खात नाही. नातवंड होईपर्यंत तर पाणीसुद्धा पीत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला वलगावला दिली होती. वडील तिला भेटायला सायकलनं जात. शिदोरी कापडात बांधून नेत, बहिणीच्या ओसरीवर बसून ती खात आणि पाणी प्यायला शेजारच्या घरी जात. बहीण तांब्या घेऊन दारात उभी, आणि वडील शेजारणीला म्हणतायत, "वं बाई, घोटभर पानी दे." शेजारीणही हसायची. पुढे बहिणीला मुलगा झाला तेव्हा वडिलांनी तिच्या घरी एवढं पाणी प्यायलं की मागच्या सगळ्या खेपांची वसुलीच केली.

आता शारजाला शिदोरी किती दिवसांची नेणार? आणि पंधराव्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाणी कसं मागणार? म्हणून मी मधला मार्ग काढला होता. जावयाच्या घरचं खायचं, पण त्याबदली काम करायचं. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकीत गेली. पण हात मिस्त्रीचे आहेत, असा माझा जुना समज. त्यामुळे पहिल्याच खेपेला सामानात पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरचा सेट होता. मुलीच्या घरचे नळ झाले, कड्या झाल्या, मिक्सर झाला. मग लिफ्टमध्ये भेटलेल्या केरळच्या बाईंचा मिक्सर झाला. त्यांनी केळ्याचे वेफर्स आणून दिले. मग लाहोरच्या एका बुवांची इस्त्री आली आणि पाठोपाठ बिर्याणी. दुसऱ्या खेपेला तर मुलीच्या बाल्कनीत आजारी मिक्सरांची रांग लागली. मी त्या रांगेमागे पक्कड घेऊन बसलेला फोटो जावयानं काढला. तो न पाहिलेला माणूस मी राजापेठेत ठेवला नाही.

"गुरुजी, तिकडं जोरात हाय तुमचं!" लोक म्हणायचे.

"मंग काय! जवायाच्या घरी फुकट खानारा मानूस नोहो मी."

हे वाक्य इतक्यांदा म्हटलं, की ते तोंडाला सवयीचं झालं.

तिसरी खेप मोलाची होती. दिवस भरत आले होते, आणि मुलगी रोज फोनवर एकच विचारायची, "कधी पोचता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता कधीही. आम्ही नागपूरला विमानतळावर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसलो. पासपोर्ट तपासायच्या काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. चांगला हसतमुख. माझा पासपोर्ट चाळत म्हणाला, "काका, पुन्हा शारजा?"

"हो. फिरायला. मुलीकडे. हे परतीचं तिकीट." तिन्ही उत्तरं एका दमात. तो हसला. शिक्का उचलला. आणि सहज, अगदी आपलेपणानं म्हणाला, "मजा आहे! दोन-दोन महिने जावयाकडे बसून आराम, नाही का?"

बायकोनं माझं कोपर दाबलं. पण तोवर वडील सायकलवरून माझ्या डोक्यात येऊन पोचले होते.

"आराम?" मी म्हणालो. "फुकट खायची रीत नाही साहेब आमच्यात. मी काम करतो तिकडे."

शिक्का हवेतच राहिला. "काय काम?"

"रिपेरिंग. पूर्ण बिल्डिंगचं माझ्याकडेच असतं."

"पैसे देतात?"

"पैसे नाही घेत. वस्तू देतात." आणि एवढ्यावर थांबलो तर मी कसला? मी फोन काढला आणि त्याला फोटो दाखवला.

त्यानं फोटो नीट पाहिला. मोठा करून पाहिला. मग शिक्का खाली ठेवला, आणि आम्हाला बाजूच्या खोलीत साहेबांकडे नेण्यात आलं. साहेब वयस्क होते, शांत होते. त्यांनी समजावून सांगितलं, की फिरायच्या व्हिसावर तिकडे काम करायला जाणारे पुष्कळ असतात आणि नंतर अडकतात. तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगताय, फोटो दाखवताय, मी तुम्हाला आज सोडू शकत नाही. पेन्शनचे कागद, जावयाचं पत्र, सगळं घेऊन पुन्हा या. बाईंना जाता येईल.

मला वाटलं, बायको म्हणेल, मी एकटी कशी जाऊ? ती विमानात बेल्टसुद्धा माझ्याकडून लावून घेते. ती उठली. पर्स खांद्याला लावली.

"मी चालली," ती म्हणाली. "पोरगी वाट पाहून राह्यली. तुमी घरी जा, अन् दूधवाल्याले सांगा, पावना परत आला म्हना."

आणि गेली. वळूनही पाहिलं नाही. मी काचेतून पाहत होतो.

एसटीनं अमरावतीला परतलो. गल्लीत शिरताना तोंड लपवावं म्हटलं, तर समोरच्याची गाडी माझ्या फाटकाला टेकलेली. ती हलवायला त्यालाच हाक मारावी लागली. संध्याकाळपर्यंत राजापेठेत बातमी पोचली, की गुरुजींना शारजाच्या पोलिसांनी धंदा करताना पकडलं. मी अजून देश सोडला नव्हता, हे कुणी ऐकून घेईना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अकोला. एजंटाला बायकोच्या भावाकडून सगळं कळलेलंच होतं. त्यानं मला बसवलं, चहा सांगितला, आणि मग दोन्ही हात जोडले.

"जवाईबुवा, माह्या दुकानातून अनपढ लोक गेले, आंधळे गेले, नव्वद वर्साच्या बुढ्या गेल्या. पन अपने मुँह से अपना केस कोणी केला नाई. एक तुमीच!"

"अरे पण जावयाकडे फुकट—"

"तुमी आमच्या अकोल्याले कितीक वर्सांपासून येऊन राह्यले? जवाई म्हनून दर खेपेले पुरनपोळी खाता. तुमाले आमी कधी नळ दुरुस्त कराले लावला?"

सासुरवाडीला तर मी पाण्याचा पेलाही स्वतः उचललेला नाही.

व्हिसाची मुदत अजून होती, कागदही गोळा होण्यासारखे होते. अडचण माझ्या तोंडाची होती. म्हणून त्यानं तिथंच परीक्षा घेतली. तो अधिकारी झाला, मी मी. बाकावर यात्रेच्या तिकिटासाठी आलेली अकोटची एक म्हातारी होती, ती प्रेक्षक.

"कहाँ रहोगे?"

"मुलीकडे."

"खर्चा कौन करेगा?"

"जावई. पण तसं काही फार—"

"फेल!" तो ओरडला. "पण नाई. जवाई, बस. फिरसे. दिनभर क्या करोगे?"

"काही नाही. जरा घरातलं बघतो, म्हणजे नळ वगैरे—"

म्हातारीनंच कपाळावर हात मारला. "अय भाई, इसकू मत भेजो," ती म्हणाली. "ये तो हवाई जहाज भी खोल के बैठेगा."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला मी काय सांगणार? हे कागद गोळा करतोय, ते करतोय, असं बोलत राहिलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, इथं नळ दुरुस्त करायला माणूस फोन केला की येतो. तुम्ही मिस्त्री म्हणून नका ना येऊ. नुसते जेवायला या."

"हो," मी म्हणालो.

"काल आई पोचली तेव्हापासून मी दोन माणसांचं जास्तीचं शिजवते आहे. तुमचं ताट वाढायचं राहिलंय."

फोन ठेवल्यावर एजंटानं अत्तराची एक कुपी सरकवून ठेवली आणि पुन्हा अधिकारी झाला. त्या वेळी मी पास झालो. म्हातारीनं मान डोलावली.

पुढच्या तिकिटावर नागपूरला गेलो तेव्हा पाना-पक्कड घरी होते. पेन्शनचे कागद, जावयाचं पत्र, सगळं हातात. काउंटरवर नेमका तोच हसतमुख अधिकारी. मला पाहून त्याचं हसू जरा सावध झालं.

"काका, यावेळी काय करणार तिकडे?"

"जेवणार."

"आणि?"

"झोपणार."

"खर्च?"

वलगावच्या वाटेवर एक सायकल थांबली आणि सायकलवरच्या माणसानं माझ्याकडे वळून पाहिलं. "जावयाचा," मी म्हणालो. "फुकट खाणार."

त्यानं शिक्का मारला. खाडकन. "सुखानं खा," म्हणाला.

दार मुलीनंच उघडलं. पोट पुढे, एक हात कमरेवर, जिना बंद असलेली बाई लिफ्टपर्यंत येऊन परत गेली होती म्हणे. मी पोचलो होतो वेळेवर. तिनं आधी पाण्याचा पेला पुढे केला. नातवंड अजून यायचं होतं. मी पेला घेतला आणि सगळा संपवला. मग ताट आलं. मी जेवत होतो आणि ती समोर बसून पाहत होती. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाढ अजून. कामाचा मानूस हाय तो."

त्याच आठवड्यात नात झाली. आईवर गेली आहे, निदान रडण्याचा आवाज तरी.

बाळ घरी आल्यावर केरळच्या बाई भेटायला आल्या, हातात वेफर्सची पिशवी. त्यांना पाहताच मी उठून हात जोडले आणि हिंदीत सांगितलं, की बहनजी, माफ करा, या खेपेला मिक्सर घेऊ शकत नाही, कायद्यानं मनाई आहे. मी टुरिस्ट आहे.

बाईंच्या चेहऱ्यावर असा काही मोकळेपणा पसरला, की मला नवल वाटलं. मुलगी बाळाला घेऊन मागे उभी होती, ती हसू दाबू लागली. दाबेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा. तुम्ही विमानात बसलात ना, की ते सगळे मिक्सर खालच्या दुकानात जायचे. तुमचं मन राहावं म्हणून आणायचे हो लोक. काकूंचा मिक्सर तर फक्त खडखडत होता. तुमच्या हातून आल्यावर बंदच पडला."

मी जावयाकडे पाहिलं. जावई खिडकीबाहेर पाहत होते. केरळच्या बाईंनी घाईनं वेफर्स माझ्या हातात दिले, जणू हे तरी घ्या.

बायकोनं नातीला मुलीच्या हातातून घेतलं, दुपटं नीट केलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अवो, त्या साहेबाले फोटो कायले दाखवला? दुरुस्त केलेला एखादा मिक्सर चालू करून दाखवला असता, तर तुमी काम करता असा शक कोनालेच आला नसता."