आमच्या मैदानावरचा भाजीबाजार

फुटबॉलचे मैदान आखण्यासाठी फारशी साधने लागत नाहीत. बारा हातांचा एक दोर पुरतो. त्याला तीन, चार आणि पाच हातांच्या अंतराने गाठी मारायच्या, तिघांनी त्या गाठी धरून दोर ताणायचा. लहान दोन बाजूंमधला कोन काटकोनच येतो. हे प्रमेय मी शाळेत अनेक वर्षे फळ्यावर शिकवले, पण विद्यार्थ्यांना ते खरे वाटले ते मैदानावर. तालुक्याच्या आमच्या गावात फुटबॉल खेळणारे जेमतेम तीस जण. त्यांच्या क्लबचा मी चिटणीस. दर रविवारी सकाळी दोर ताणायचा आणि चुन्याची भुकटी, म्हणजे फक्की, सोडून रेषा ताज्या करायच्या, हा आमचा शिरस्ता होता.

टाळेबंदी लागली आणि खेळ थांबला. मैदान नगरपरिषदेचे. बाजारगल्लीतली गर्दी मोडण्यासाठी भाजीबाजार तेथे हलवण्याचे ठरले. मुख्याधिकाऱ्यांनी मला फोन करून विचारले, "सर, सहा-सहा फूट अंतर ठेवून जागा आखून द्याल का? तुमच्याकडे माणसे आहेत." मी लगेच होकार दिला. तोंडाला रुमाल बांधून आम्ही चौघांनी दोन दिवस दोर ताणला. एका गोलखांबापासून दुसऱ्यापर्यंत एकशे वीस चौकोन झाले. प्रत्येकात क्रमांक घातला. ओळी इतक्या सरळ आल्या की मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून त्या पाहून आलो. आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

चुना पुसला जाई, म्हणून दर रविवारी आम्ही तेच चौकोन पुन्हा आखत होतो. खेळ बंद असला तरी शिरस्ता चालू आहे, एवढेच समाधान.

पावसाळा सरला आणि खेळाला थोडी मोकळीक मिळाली. मात्र अंगाला अंग लागता कामा नये, अशी अट होती. बाजार सकाळी अकराला उठे. दुपारनंतर आम्ही त्याच चौकोनांत सराव सुरू केला. एका चौकोनात एक खेळाडू. चेंडू पायाने अडवायचा आणि पुढच्या चौकोनात द्यायचा. रेषा ओलांडली की बाद. कोबीच्या पानावरून कोणी घसरले की आमचा कर्णधार ओरडे, "पाह्य बे, मेथीच्या घरात शिरला!" हा कर्णधार माझाच जुना विद्यार्थी; आता त्याचे मोटार दुरुस्तीचे दुकान आहे. या सरावातून एक गोष्ट चांगली झाली. पूर्वी सगळे चेंडूमागे धावत असत, आता ते चेंडू नेमका द्यायला शिकले.

दसऱ्यानंतर एके दिवशी तोच कर्णधार सरावाआधी माझ्या घरी आला. दारातूनच म्हणाला, "सर, मैदान गेलं."

"कुठे गेले?"

"सिमेंटचे ओटे बांधनार हाये तिथं. बाजार आता तिथंच ठेवाचा म्हंते. पंधरा दिवसानं सभा हाये." मग म्हणाला, "आपल्याच हातानं देलं सर आपण. एवढं सरळ आखाले नोतं पाह्यजे."

गावात दुसरे मैदान नव्हते. ओटे झाले की क्लब संपला, हे सांगायला कोणाचीच गरज नव्हती.

मी मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "भाजीवाल्यांचीच लेखी मागणी आहे. एकशे वीस कुटुंबे एका बाजूला आणि तुमचे तीस खेळाडू दुसऱ्या. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?" घरी येऊन मी क्लबच्या इतिहासावर चार पानी अर्ज लिहिला. कर्णधाराने तो उभ्या उभ्या वाचला आणि घडी करून परत दिला.

"चार पानं कोन वाचते सर? ज्याइनं मांगनी केली त्याइलेच पुसू ना."

मी आजवर त्यांना विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सत्तेचाळीस क्रमांकाच्या चौकोनापाशी गेलो. तेथे कांदे विकणाऱ्या मावशी बसत. भाजीवाल्यांत त्यांचा शब्द चाले.

"या मास्तर. कांदे देऊ का भाषण आयकू?"

"मावशी, इथे विक्री कशी आहे?"

"काई खरं नाई. बस स्टँडपासून हे केवढं दूर! खेड्यातली म्हतारी बाई इथलोक चालत येते का? अर्धा माल वापस नेतो मी."

कर्णधार पुढे सरकला. "मंग इथंच ठेवा म्हनून अंगठे काऊन देले?"

"काऊन म्हंजे? तिकडं गल्लीत जागेसाठी रोजचं भांडन. पहाटे चार वाजता येऊन पोतं टाकलं तरी कोनी तरी उचलून फेके. इथं माहा सत्तेचाळीस नंबर हाये. उशिरा आली तरी माही जागा माहीच."

त्यांना मैदान नको होते. ठरलेली जागा हवी होती. गणितात विद्यार्थी प्रश्न न वाचता उत्तर लिहू लागला की मी त्याची वही बंद करीत असे. चार पानी अर्ज लिहिताना मी नेमके तेच केले होते.

"मावशी, गल्लीतच नंबर टाकून दिले तर?"

त्या मोठ्याने हसल्या. "ते गल्ली पाह्यली का तुमी? वाकडीतिकडी. तुमचा दोर तिथं काय करीन?"

त्यांचे म्हणणे खरे होते. गल्लीला तीन वळणे, मध्ये लिंबाचे झाड आणि एक हातपंप. तेथे काटकोन उपयोगाचा नव्हता. मुख्याधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आम्ही आठवडाभर रोज दुपारी गल्ली मापली. अंतराचा नियम तोवर बराच सैल झाला होता, तरीही एकोणीस जागा बसेनात. त्या आमच्या शाळेच्या भिंतीलगत बसवल्या. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. या वेळी चुन्याऐवजी ऑइलपेंट वापरला. लिंबाच्या सावलीतल्या जागेवरून दोघांची जुंपली, तेव्हा कर्णधाराने खिशातून नाणे काढले. "छापा का काटा? फुटबॉलमंधी असंच ठरते." हरलेला कुरकुरला, पण त्याने पोते हलवले.

सभेच्या आदल्या दिवशी भाजीवाल्यांनी नवा कागद दिला. त्यात एकच ओळ होती: नंबर कायम ठेवून जुन्या जागी बसू द्यावे. अर्ज माझ्या चार पानांपेक्षा पुष्कळ चांगला होता. ओट्यांचा विषय मागे पडला आणि संक्रांतीनंतर बाजार हलला.

मैदान मिळाले ते खडीसारखे टणक, हातगाड्यांच्या चाकोऱ्यांनी भरलेले. आम्ही ते कुदळीने उकरले आणि टँकरने पाणी मारले. इतक्यात दुसरी टाळेबंदी आली. खेळ पुन्हा थांबला, पण या वेळी मैदान आमची वाट पाहत रिकामे होते. दरम्यान दोन चांगले खेळाडू नोकरीसाठी पुण्याला गेले, आणि शाळेच्या भिंतीशी बसणाऱ्या मिरचीवाल्याच्या दोन तरुण मुली नाव नोंदवून गेल्या.

बंदी उठल्यावर मलकापूरचा संघ आमच्याकडे पहिला सामना खेळायला आला. आमचे चेंडू देणे पाहून त्यांचे प्रशिक्षक मला म्हणाले, "हे कोणाकडून शिकले हो?" उत्तर लांबले असते, म्हणून मी हसून सोडले. आम्ही तीन विरुद्ध एक असे हरलो.

सामन्यानंतर कर्णधार बूट काढत माझ्याजवळ आला. "सर, उद्या सुट्टी देता का? पोरं थकले."

"तीन गोल खाल्ले आपण. उद्या साडेपाचला बचावफळी आधी."

"हाव सर," तो म्हणाला, आणि वळून सगळ्यांना ओरडून वेळ सांगू लागला.