हत्तीचे गुडघे

१९ डिसेंबर २००३. गाडीत त्रेपन्न जीव: अठ्ठेचाळीस मुले, चार शिक्षक, एक चालक. हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकातून आत गेले बावन्न.

बाहेर राहिलेला त्रेपन्नावा जीव म्हणजे सिद्धोधन खंदारे. गाव पेडगाव, तालुका परभणी. परभणीतील एका खासगी मालकाच्या प्रवासी गाड्यांवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. हिवाळ्यात या गाड्या शाळांच्या सहलींना जात, आणि सहलीत बहुधा एखादे प्राणिसंग्रहालय असेच. मालकाचा नियम एकच होता: गाडी सोडायची नाही. डिझेल चोरीला जाते, काचा फुटतात, मुलांच्या पिशव्या आत असतात. नियम अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. त्याचा परिणाम मात्र असा झाला की मुलांच्या कित्येक तुकड्यांना ज्या माणसाने वाघापर्यंत नेले, त्याने स्वतः वाघ पाहिला नाही.

तरीही संग्रहालयांच्या बाबतीत त्यांची आवडनिवड होती, आणि ती पक्की होती. हैदराबाद त्यांना आवडे ते पार्किंगमधल्या झाडांमुळे आणि आवाजामुळे. दुपार कलली की आतून सिंहाची डरकाळी येई. सावलीत आडवे झालेले चालक उठून बसत आणि एकमेकांकडे पाहून उगाच हसत. मुंबईच्या समुद्राकाठच्या मत्स्यालयापाशी मोठी गाडी उभी करू देत नसत, मुलांना उतरवून दूर जावे लागे. पण तिथून परतलेली मुले हळू आवाजात बोलत, झोपलेल्या माणसांच्या घरातून बाहेर पडल्यासारखी. सर्वांत आवडते म्हणजे औरंगाबादचे. ते लहान, प्राणी मोजके. शिक्षकांना ते फारसे पसंत नसे. सिद्धोधन यांचे निरीक्षण वेगळे होते. प्राणी थोडे असले की मूल एकाच पिंजऱ्यापुढे रेंगाळते, आणि रेंगाळले की त्याला काही तरी दिसते. जिथे प्राणी पुष्कळ, तिथून मुले नुसती नावे घेऊन येत.

हे त्यांना कळे ते परतीच्या वाटेवर. गाडीत समोरच पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’. शहर मागे पडले की सिद्धोधन ती पाटी स्वतःच मोडत. शेजारच्या बॉनेटवर, इंजिनाच्या झाकणावर, घडी केलेली गोधडी असे. मुलांनी एकेक करून तिथे येऊन बसायचे आणि आत पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच, आणि आधी कोणी न सांगितलेली.

“काका, हत्तीचे गुडघे आमच्या आजीच्या कोपरासारखे हायेत. लय सुरकुत्या.”

“हे मी सांगणार होतो!” मागून कोणी ओरडे.

“मंग आधी यायचं. आता दुसरं हुडक.”

“अस्वलापुढचं केळ कावळ्यानं नेलं, काका. अस्वल नुसतं बघत बसलं.”

“आमच्या सरांवानी,” तिसऱ्या रांगेतून शेरा येई, आणि सर खिडकीबाहेर पाहत राहत.

शेवटी येणाऱ्यांची पंचाईत होई, कारण वाघ, सिंह, मगर सगळे संपलेले असत. एकदा एक बुटका मुलगा बॉनेटवर बसला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, “मला काईच दिसलं न्हाई. म्होरं सगळे उंच होते.”

“मंग काय दिसलं?”

“म्होरच्याची पाठ.”

“कसली होती?”

मुलाने विचार केला. “घामेजलेली. शर्टावर पानाएवढा डाग होता.”

“मंजूर,” सिद्धोधन म्हणाले. “हे कुणीच सांगितलं न्हाई.”

सहलीच्या ज्या तारखेने हे लेखन सुरू झाले, त्या पहाटे परभणीत गाडीपाशी आणखी दोघी उभ्या होत्या. सिद्धोधन यांची पत्नी सुलाबाई, आणि रेणुका, त्यांची आठ वर्षांची मुलगी. रेणुकाने नवा फ्रॉक घातला होता आणि वेणीला लाल रिबिनी होत्या. शाळा दुसऱ्यांची, परभणीतली. रेणुका शिकत होती पेडगावात. सिद्धोधन यांनी शिक्षकांपैकी ज्येष्ठ असलेल्या भगवानराव सरांना गाठले.

“सर, माजी पोरगी हाय. माज्यापाशी म्होरं बसल. जागा लागत न्हाई तिला.”

“जागेचा प्रश्न नाही हो, खंदारे. शाळेनं संख्या लिहून दिलीय. वाटेत हिला काही झालं तर उत्तर कोणी द्यायचं? पुढच्या वर्षी आधी सांगा, बघू आपण.”

भगवानराव सर कठोर मनाचे नव्हते. त्यांनी आपल्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा रेणुकाच्या हातात दिला. रेणुका पुडा धरून उभी राहिली. गाडी सुरू झाल्यावर सुलाबाई तिला म्हणाल्या, “चल माय. वाघ काय पळून चाललाय?”

पुढच्या वर्षी रेणुकाने विचारले नाही.

त्या सहलीहून परतल्यावर तिने वडिलांना एवढेच विचारले होते, “तुमी बघितला का वाघ?” मुलीला नेता आले नाही, निदान तिचा बाप तरी पाहून आला, असे तिला वाटावे म्हणून सिद्धोधन म्हणाले, “बघितला की.” मग बॉनेटवर गोळा झालेले सगळे त्यांनी तिला सांगितले, ‘मी पाहिले’ म्हणून. हत्तीचे गुडघे, सिंहाचे धुळीने माखलेले पोट, जिराफाचे खूर, काचेला ओठ लावलेला मासा. दर हिवाळ्यात हे चालले. हिवाळाभर बाप रस्त्यावर आणि उन्हाळ्यात लग्नाच्या वऱ्हाडांमागे. रेणुकाच्या लहानपणात तो बहुतेक गैरहजरच होता. तिच्यापाशी त्याचे असे जे होते, ते या गोष्टी.

सुलाबाई जाऊन आता काही वर्षे झाली. रेणुका पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. पती तिथेच एका कारखान्यात, मुलगी संबोधी पाच वर्षांची. सिद्धोधन पेडगावात एकटे असतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि स्टिअरिंग सुटले. डिसेंबरात रस्त्यावरून सहलीच्या गाड्या जातात. ते कडेला उभे राहून हात वर करतात. चालक ओळखीचे राहिलेले नाहीत. संध्याकाळी मुलीचा फोन येतो, पण ती कामाच्या घाईत असते. “एकच सांगतो,” असे म्हणून ते दिवसातली एखादी गोष्ट सांगतात: लिंबावर घुबड बसलेय, शेजारच्या शेळीला तीन पिल्ले झाली. कधी सांगून होण्याआधीच तिकडे कोणी तिला हाक मारतो.

२०२४ च्या जानेवारीत रेणुका म्हणाली, “जय भीम, बाबा. संबोधीला प्राणी बघायला न्यायचंय, कात्रजला. तुमी या. तुमीच दाखवा तिला, तुमाला सगळं पाठ हाय.”

सिद्धोधन यांनी येतो म्हटले आणि त्यानंतर त्यांचे जेवणात लक्ष लागेना. आतल्या वाटा त्यांना ठाऊक नव्हत्या. कोणता प्राणी डावीकडे, कोणता उजवीकडे, हे बॉनेटवर कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच वळणावर रेणुकाला कळले असते. एका ‘बघितला की’ वर वीस वर्षे उभी होती, आणि ती खाली आली तर मुलीच्या लहानपणात बापाचे म्हणून काहीच उरणार नव्हते. जाऊ नये, ताप आला म्हणावे, असे त्यांच्या मनात आले. पण न बोलावता जाण्यासारखे घर त्यांना दुसरे नव्हते, आणि बोलावणेही हे एकच होते. ते गेले.

२८ जानेवारी, रविवार. रिक्षा फाटकाशी सोडून निघून गेली. रेणुका तिकिटाच्या खिडकीकडे वळताच सिद्धोधन म्हणाले, “तुमी जाऊन या. मी हितंच थांबतो. पिशव्या हायेत.”

“पिशवी एकच हाय, अन् ती माज्या खांद्यावर हाय. कोणती गाडी राखायलाय तुमी, बाबा?”

रेणुका खाली बसून संबोधीच्या बुटाची नाडी बांधू लागली आणि मान वर न करता म्हणाली, “मला ठाऊक हाय.”

“काय?”

“तुमी कंदीच आत गेला न्हाईत.”

फाटकातून एक शाळा बाहेर पडत होती. बाजूला सरून त्यांनी शेवटच्या मुलापर्यंत वाट दिली. मग सिद्धोधन यांनी विचारले, “कुणी सांगितलं?”

“हिनंच. डिसेंबरात शाळेसंगं आली होती. घरी येऊन म्हणली, हत्तीचे गुडघे लय सुरकुतलेत. मी म्हणलं, अन् पाठ? तर म्हणली, पाठ कुठं दिसती?” रेणुका उठून उभी राहिली. “तुमच्या हत्तीला बी पाठ कंदी नव्हती, बाबा. सिंहाचं पोट, जिराफाचे खूर. एवढा उंच माणूस, अन् सगळं खालूनच कसं बघल?”

“खोटं बोललो, माय.”

“खोटं न्हाई. खरंच होतं समदं.” तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. “फकस्त बघणारी ती सहलीची पोरं होती.”

रेणुकाने खिडकीशी जाऊन तिकिटे काढली, एक त्यांच्या हातात दिले. ते त्यांनी खिशात ठेवले नाही. फाटकापर्यंत हातातच धरले. पहारेकऱ्याने कोपरा फाडून परत केले आणि ते आत गेले.

आत त्यांना फार थोडे दिसले. डोळ्यांवर सारीकडे दूध सांडल्यासारखे धुके होते. पांढरा वाघ त्या पांढऱ्यात मिसळून गेला. सापांच्या काचांत त्यांना स्वतःचाच सदरा दिसला. संबोधी पुढे पळे, रेणुका तिच्यामागे, आणि त्या दोघींमागे ते. मध्ये अनोळखी माणसे येत आणि जात. हत्तीच्या कठड्यापाशी ते पोचले तेव्हा हत्ती म्हणजे त्यांच्या लेखी दूरवरची एक करडी भिंत होती.

संबोधी लगेच कंटाळली. “आई, चल ना. माकडं!”

“थांब जरा.”

रेणुका कठड्याशी उकिडवी बसली होती. अठ्ठावीस वर्षांची बाई, साडीचा काठ धुळीत, दोन्ही हातांनी गज धरून. तेवढ्या उंचीवरून ती समोर पाहत होती. मुलीने पदर ओढला तरी ती उठली नाही. सिद्धोधन काही पावले मागे उभे होते. जवळ जाऊन शेजारी बसावे असे त्यांना वाटले. पण ती जागा आपली आहे याची त्यांना खात्री वाटली नाही. त्यांना तिची पाठ दिसत होती.

सोमवारी सकाळच्या एसटीने ते परत निघाले. चालकामागची जागा मिळाली. वर पाटी होती, तीच. शहर मागे पडले, डोंगर मागे पडले. आयुष्यात प्रथमच ते आतून येत होते, आणि कोणी न सांगितलेली एक गोष्ट त्यांच्यापाशी तयार होती. तरुण चालकाची नजर रस्त्यावर होती. गेवराईच्या थांब्यावर तो चहा पिऊन आला, खाकरला, आरसा नीट केला. सिद्धोधन पुढे सरकून बसले. त्याने गाडी सुरू केली. माजलगाव, पाथरी, मानवत गेले. परभणीला उतरून त्यांनी पेडगावची गाडी धरली. तिथे वाहकाने विचारले, “कुठं?” आणि त्यांनी गावाचे नाव सांगितले.

त्रेपन्नाव्या जिवाचे तिकीट निघाले, वीस वर्षांनी आणि मुलीच्या हातून. चोपन्नावे, १९ डिसेंबर २००३ चे, आठ वर्षांच्या रेणुकाचे, अजून देणे आहे.